जुन्या वस्तूंपासून दाढीचा ब्रश करायचाय? खुर्चीचा पाय, स्क्रूड्रायव्हर की पितळी मूठ

घरात पडलेल्या एखाद्या वस्तूचा दाढीचा ब्रश करायचं डोक्यात आलं की आपण आधी छान दिसणारी वस्तू शोधायला लागतो, मीपण तेच केलं, पण चार-पाच ब्रश झाल्यावर कळलं की विचारायचे प्रश्न दोनच आहेत, तिच्यात नीट गोल भोक पाडता येईल का आणि रोज ओली होऊन ती टिकेल का. दिसण्याचं नंतर बघता येतं, पॉलिशने बरंच काही होतं.

मापं आधी सांगतो म्हणजे निम्म्या वस्तू इथेच बाद होतील. केसांचा तयार गुच्छ, ज्याला नॉट म्हणतात, तो साधारण २० ते २६ मिमी जाडीचा मिळतो, त्यातला २४ चा सगळ्यात कॉमन. भोकाभोवती चारेक मिमी भिंत राहायला हवी, म्हणजे २४ च्या नॉटसाठी वस्तू वरच्या टोकाला ३२-३३ मिमी तरी जाड पाहिजे. भोकाची खोली १२ ते १५ मिमी. मूठ पाच-सहा सेंटिमीटर उंच असली की हातात मस्त बसते.

आता लाकूड. मोडक्या खुर्चीचा किंवा टेबलाचा पाय ही पहिल्या ब्रशसाठी माझी सरळ शिफारस आहे. तासलेला, गोल केलेला, वर्षानुवर्षं सुकलेला असतो त्यामुळे नंतर तडकायची भीती कमी, ताज्या फांदीचं तसं नाही, ती सुकताना हमखास चिरते. पायाच्या जाड टोकात मधोमध बोल्ट असेल तर तो आधी काढा नाहीतर ड्रिलच्या बिटची (भोक पाडणाऱ्या पात्याची) धार गेलीच. भोकासाठी सपाट तळ देणारं फोर्स्टनर बिट वापरा, आणि पाय अख्खा असतानाच भोक पाडा, तुकडा नंतर कापा, कारण लांब लाकूड शिकंज्यात घट्ट धरता येतं आणि सहा सेंटिमीटरचा तुकडा बिटबरोबर गरकन फिरतो. फर्निचर खूप जुनं आणि रंगवलेलं असेल तर रंगात शिसं असू शकतं, ते कोरडं घासू नका.

लाकडाचा खरा शत्रू पाणी, आणि तेही बाहेरून नाही, भोकातून. माझ्या पहिल्या ब्रशला मी बाहेरून पॉलियुरेथेन वार्निशचे चार हात दिले होते, चकचकीत झाला होता एकदम, पण भोक आतून कोरंच ठेवलं, तिथून पाणी रेषांमधून खाली झिरपत राहिलं, लाकूड फुगलं आणि काही महिन्यांत उभी चीर पडली. तेव्हापासून नॉट बसवायच्या आधी भोकाच्या आत एपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाचा, पातळ थर देतो आणि तो सुकू देतो. नुसतं तेल लावून भागत नाही हेही सांगून ठेवतो.

स्क्रूड्रायव्हरच्या जाड प्लास्टिकच्या मुठीला पाण्याचं टेन्शन नाही, आणि दांडी उपटून काढली की मधोमध भोक आयतंच असतं, त्यावरून सेंटर धरून मोठं करत जायचं. पण ड्रिल हळू फिरवा, थांबून थांबून, नाहीतर प्लास्टिक वितळून बिटला चिकटतं. आणि पारदर्शक जुन्या मुठी घेताना आधी वास घ्या, त्यातल्या बऱ्याच सेल्युलोज अॅसिटेट ब्युटिरेटच्या असतात आणि जुन्या झाल्या की आंबूस घाणेरडा वास सोडतात, तो ब्रश रोज नाकाखाली येणारे.

बाटल्यांची आणि स्प्रेची टोपणं सोपी वाटतात पण पोकळ आणि हलकी, फेस करताना ब्रश केसांच्या बाजूला झुकतो, उभा ठेवला की पडतो. आत एपॉक्सी भरून वजन आणता येतं, फक्त एकदम सगळं ओतू नका, जास्त एपॉक्सी एकत्र गोठताना चांगलंच तापतं. थर देत भरा.

पितळी दाराची मूठ हातात घेतली की सोडवत नाही, वजन छान, भोक कधीकधी तयारच असतं. पण नसेल तर विचार सोडा, फोर्स्टनर लाकडासाठी असतं, भरीव पितळ घरच्या ड्रिलने २४ मिमी पाडणं म्हणजे हाताला इजा करून घेणं. शिवाय साबणाच्या हाताने गुळगुळीत पितळ सटकतं. तयार भोक असलेली आणि मधे कंबर असलेली मूठ मिळाली तरच घ्या.

केसांच्या बाबतीत मात्र मी जुनं वापरू नका असंच म्हणेन. मेकअपच्या ब्रशचे केस मऊ असतात पण बहुतेकांत ताठपणा नसतो, साबण उचलत नाहीत. रंगाच्या ब्रशमधला नॅचरल ब्रिसल म्हणजे डुकराचेच केस, दाढीच्या ब्रशमध्येही तेच असतात, मग काय हरकत असं वाटतं, पण ते राठ असतात आणि आकार द्यायला टोकं कापलीत की संपलंच, मऊपणा टोकाच्या फुटलेल्या केसातच असतो, कापलेलं टोक गालाला टोचतं. आणि कुठल्या प्राण्याचे, कसे साफ केलेले हे माहीत नसलेले फार जुने केस तर नकोच, पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दूषित दाढीच्या ब्रशमुळे सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता. जुन्या ब्रशची मूठ वापरा, केस नवे घाला.

नव्यात सिंथेटिक की डुकराचे? सिंथेटिकला भिजवणं नको, लवकर वाळतं, पहिल्या दिवसापासून मऊ, घाईत दाढी करणाऱ्याने तेच घ्यावं. डुकराच्या केसाला आधी कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवावं लागतं आणि वीसेक दाढ्या झाल्यावर तो खरा मऊ होतो, पण कडक साबणाच्या वडीवर जो जोर लागतो तो त्याला आहे. मला तोच आवडतो.

चिकटवायला सावकाश सुकणारं एपॉक्सी घ्या, पाच मिनिटवालं पाण्यात तितकं टिकत नाही. नॉट पुढे कधी बदलायचा असेल तर एपॉक्सीऐवजी सिलिकॉन. पण चिकटवायच्या आधी नॉट कोराच भोकात ठेवून बघा, केस फार बाहेर राहिले तर ब्रश लुळा वाटतो, फार आत गेले तर ताठ. खोल झालं तर तळाशी पुठ्ठ्याच्या चकत्या टाकत उंची बघा, ५० ते ५२ मिमी केस बाहेर राहिले की मला बरोबर वाटतं, मग चकत्या काढून तेवढाच तळ एपॉक्सीने भरा, पुठ्ठा आत राहिला तर तो पाणी धरून ठेवतो.