आयआर (आंतरराष्ट्रीय संबंध) थिअरी आणि मीडिया: रेकॉर्डेड कोर्स घ्यावा का?
नेट परीक्षेच्या (प्राध्यापक व्हायला लागते ती) तयारीसाठी एका क्लासचा कोर्स घेतला, नाव नाही सांगत. रिअ‍ॅलिझमवाल्यांना (देश सत्तेसाठीच झगडतात असं मानणारे) मीडिया म्हणजे सरकारच्या हातातलं हत्यार, लिबरलवाल्यांना (देशांत सहकार्य होऊ शकतं असं मानणारे) सरकारवर दबाव आणणारा, एवढं सर दहा मिनिटांत उरकतात. पण सोमालियाचं लेक्चर एकदम भारी! 1993 ला मोगादिशूत अमेरिकन सैनिकाचं प्रेत ओढत नेताना टीव्हीवर दिसलं आणि तेव्हाचे अमेरिकन अध्यक्ष क्लिंटननी सैन्य परत आणायची तारीखच जाहीर केली, हाच तो सीएनएन इफेक्ट, म्हणजे टीव्हीवरची दृश्यं सरकारला निर्णय घ्यायला लावतात, पण 1992 ला सैन्य पाठवलं तेव्हा कॅमेरे बरेचसे सरकारच्याच मागे मागे गेलेले, हे ऐकून डोकंच फिरलं. कन्स्ट्रक्टिव्हिझमला (शत्रू-मित्र समजुतींतून घडतात असं मानणारी थिअरी) मात्र चारच स्लाइड, बातम्यांतून 'शत्रू' कसा घडतो ते राहूनच गेलं. आवाजही मध्येच गायब होतो. पाचपैकी साडेतीन.