कॅप्सूल की पेरू?

पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि जाऊबाईंचं मनगट ओट्यावर आपटून मोडलं. तेव्हापासून आमच्या सांगलीच्या घरात दोन पक्ष: त्यांचा अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचा, माझा बाजारच्या पिशवीचा.

निदान दोघींचं एकच. इस्ट्रोजेन घटलं की हाड झिजवणाऱ्या पेशी मोकाट सुटतात, आणि शरीरातला ऑक्सिडेशनचा ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंचा सुळसुळाट, त्यांना आणखी चेव आणतो. अँटिऑक्सिडंट त्यालाच आवर घालतात. पाळी थांबल्यावर पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंत घटते.

कॅप्सूल सोयीची, मान्य. ना चिरणं ना निवडणं. पण तिनं फ्रॅक्चर टळतं याचा ठाम पुरावा नाही. उलट अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात जास्त झालं तर हाडंच कमजोर होऊ शकतात. म्हणून मी चष्मा लावून डबीवरची बारीक अक्षरं वाचली.

पेरूचं तसं नाही. 100 ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व, तेही अँटिऑक्सिडंटच; बाईला दिवसाला 65 मिलिग्रॅम पुरतं. हाडातलं कोलॅजेन विणायलाही हेच लागतं. हळदीबद्दल मात्र आम्हा सांगलीकरांनी जरा दमानं घ्यावं: तिच्यातलं अँटिऑक्सिडंट कुरक्युमिन जेमतेम तीन टक्के, आमटीतल्या चिमटीनं हाड भरत नाही.

कॅल्शियम? त्यात दोन्ही पक्ष लंगडे. म्हणून नाचणीची भाकरी, एवढ्यावर एकमत. बाकी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा आकडा बघून डॉक्टर औषध देतात, त्याची जागा ना कॅप्सूल घेते ना पेरू. प्लास्टर निघायला अजून पंधरवडा आहे. तोवर भाकऱ्या मीच थापतेय.