पिलाटेस क्लासचा तीन महिन्यांचा अनुभव

कोथरूडला घराजवळ मॅट पिलाटेसचा (म्हणजे मशीनशिवाय, जमिनीवर मॅट टाकून करायच्या पिलाटेस व्यायामाचा) क्लास आहे, तिथे तीन महिने जातेय. आधी जिमला जायचे, तिथे सगळं आकड्यावर, ३० क्रंचेस झाले की अजून ३०, आणि घरी येताना मान धरलेली. इथे पहिल्या दिवशी मॅमनी अर्धा तास नुसता श्वास शिकवला. पोट न फुगवता बरगड्या बाजूला आणि मागे उघडायच्या. मी इतकी वर्षं योगासनं करताना पोटानेच श्वास घेत आलेय, त्यामुळे ही सवय लागायला मला दोन आठवडे लागले आणि तोवर वाटत होतं की पैसे उगाच भरले. मग हंड्रेड नावाचा व्यायाम (पाठीवर झोपून, डोकं उचलून) करायला लागलो तेव्हा श्वासाचं महत्त्व कळलं. ५ मोजेपर्यंत श्वास आत, ५ मोजेपर्यंत बाहेर, असे १० श्वास, आणि तेवढ्यात हात १०० वेळा वर खाली. श्वास चुकला की सगळा जोर मानेवर येतो.

हा व्यायाम ज्यांनी तयार केला ते जोसेफ पिलाटेस याला काँट्रॉलॉजी म्हणायचे, म्हणजे सगळं कंट्रोलवर. एकाग्रता, कंट्रोल, सेंटर (पोट-कंबरेचा मधला भाग), अचूकपणा, श्वास आणि फ्लो ही सहा तत्त्वं जी सगळीकडे सांगतात ती मात्र त्यांच्या नंतरच्या लोकांनी मांडलीत, हेही मॅमनीच सांगितलं. मॅम त्या तत्त्वांची नावं घेत बसत नाहीत, करून घेतात. रोल अपमध्ये, म्हणजे झोपलेलं असताना हळूहळू उठून बसायच्या व्यायामात, मी झटका देऊन उठायचे, त्यांनी तिथेच थांबवलं, गुडघे थोडे वाकवायला लावले आणि एकेक मणका सुटा करत वर यायला सांगितलं. ४ वेळाच झालं पण पोट थरथरत होतं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून माझी कंबर संध्याकाळी जी आखडायची ती आता खूप कमी आखडते.

एकच तक्रार, शनिवारच्या बॅचला १४-१५ जण घेतात आणि मग प्रत्येकाकडे लक्ष जात नाही. ज्या व्यायामात अचूकपणाच मुख्य आहे तिथे हे चालणार नाही, मी त्यांना तोंडावर सांगितलंय. आठवड्यातल्या सकाळच्या बॅचला सहाच जण असतात, तीच घ्या. आणि स्लिप डिस्क किंवा हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मॅमनाही सांगा, कारण रोल अपसारखे पाठ वाकवायचे प्रकार असा त्रास असणाऱ्यांना चालतीलच असं नाही. माझ्या शेजारच्या काकूंना मॅमनी ते सगळे काढून वेगळा सेट दिलाय.