फ्लो सायटोमेट्री की बोन मॅरो?

नौपाड्यातल्या आमच्या काकांच्या सीबीसीत (रक्तपेशी मोजायच्या तपासणीत) लिम्फोसाइट्स, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढलेले निघाले, सीएलएलची (एक प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाची) शंका आली. आधी कुठली तपासणी करायची, यावर घर अडलं होतं.

फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखायच्या तपासणीला, दंडातून काढलेलं थोडं रक्त पुरतं. पेशी एकाच क्लोनच्या (एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या) आहेत का, त्यांच्यावर सीडी५, सीडी१९, सीडी२३ या खुणा आहेत का, हे तिथेच कळतं. निकष असा: दर मायक्रोलिटर रक्तात अशा किमान ५,००० बी-पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार), कमीत कमी ३ महिने टिकलेल्या. २००८ पासून मोजतात त्या बी-पेशी, सगळे लिम्फोसाइट्स नव्हेत. इथेच पुष्कळांची गफलत होते आणि उगाच धास्ती बसते.

बोन मॅरोसाठी, म्हणजे हाडातल्या मगजाच्या तपासणीसाठी, कमरेच्या हाडात सुई घालतात. दुखतं. निदानाला ती सहसा लागत नाही.

नुसता आकडा वाढलेल्या काकांसारख्यांना फ्लोच. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स घसरण्याचं कारण सापडत नसेल, तर बोन मॅरो.