गारगोटीखाली चामडं की शिसं?

ब्राउन बेस धाटणीची बंदूक (गारगोटीच्या ठिणगीनं बार उडणारी जुनी ब्रिटिश चकमकीची मस्केट) बाळगणाऱ्यांच्या गप्पांत हा वाद हमखास निघतो. गारगोटी नुसती घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या भागाच्या, लोखंडी जबड्यात आवळली तर नीट पकड बसत नाही, ती तडकतेही. अस्तर हवंच. मी दोन्ही वापरली आहेत.

चामडं सोपं. चपला शिवणाऱ्याकडे मागितलं तर तुकडा असाच मिळतो. दुमडीच्या जागी मधे भोक ठेवायचं, म्हणजे गारगोटीची पाठ थेट स्क्रूला टेकते आणि ठोक्यागणिक मागे सरकत नाही. चामडं जरा दबतं, त्यामुळे धारेला धक्का कमी बसतो असं मला वाटतं. रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, पेटताना ते कडेनं करपतं, पण तेवढं चालतं.

चालत नाही तो पुण्याचा पावसाळा. ऑगस्टमध्ये कपाटातून बंदूक काढावी तर चामड्यावर पांढरी बुरशी, आणि ते सोडवलं की खाली जबड्यात गंजाचा तांबूस थर. ऑक्टोबरच्या उन्हात तेच चामडं आकसून कडक होतं आणि गारगोटी बोटानंही हलते. आवळली तर थोड्याच ठोक्यांत पुन्हा ढिली. धार ठिणग्या पाडणाऱ्या पोलादी झडपेवर तिरकी बसते आणि ठिणग्या कानात, म्हणजे रंजकाच्या वाटीत, पडायच्या सोडून बाहेर उडतात. दर वेळी स्क्रू ड्रायव्हर शोधायचा मला मनापासून कंटाळा आला.

शिशाचं तसं नाही. डमरूच्या आकाराचा पातळ पत्रा कापून दुमडला की दगडाच्या प्रत्येक उंचवट्यात तो रुततो. सुरुवातीच्या ठोक्यांनंतर एकदा परत आवळायचं, पुढे बराच काळ बघावं लागत नाही. हा जुन्या शिपायांचाच उपाय: गोळी शिशाची, ती ठोकून चपटी केली की अस्तर तयार. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांकडेही चकमकीच्याच बंदुका होत्या. त्यांच्यातल्या कुणी असं केलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

अर्थात शिसं जड. तुमचं पिस्तूल किंवा नाजूक चापाची शिकारी बंदूक असेल तर ते वजन घोड्याच्या मानेवर येतं. तिथे निमूटपणे चामडंच घाला. मस्केटच्या दणकट घोड्याला मात्र काही होत नाही. फक्त पत्र्याच्या कडा झडपेला घासणार नाहीत इतक्या छाटा, आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवा.