नर्सची नोकरी सांगून दिलेला केअररचा व्हिसा

मिरजेच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात सहा वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम केल्यावर मी २०२३ च्या सुरुवातीला ब्रिटनला जायचे ठरवले आणि एका एजंटाला तीन हप्त्यांत नऊ लाख रुपये दिले. त्यातले चार लाख आईचे दागिने गहाण ठेवून उभे केले होते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात मला ६ गुण होते आणि नर्सची नोंदणी करणाऱ्या तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला ६.५ लागतात. "ताई, आधी पोहोचा तर खऱ्या, परीक्षा तिकडे देता येते," असे त्याने सांगितले, आणि मी विश्वास ठेवला.

हा विश्वासच मुळात चुकीचा होता. नर्स म्हणून व्हिसा हवा असेल तर इंग्रजीची अट आणि सीबीटी ही संगणकावरची परीक्षा इथूनच पार करावी लागते. तिकडे जाऊन द्यायची असते ती ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा. सीओएस, म्हणजे मालकाने दिलेल्या प्रायोजकत्वाची नोंद, मला व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तेव्हा मी नाव, जन्मतारीख आणि पगार एवढेच पाहिले. त्याच कागदावर व्यवसायाचा चार अंकी क्रमांक होता, ६१४५. हा क्रमांक तेव्हा केअर वर्करचा, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या केअररचा होता. नर्सचा २२३१ होता. जुलैमध्ये तिथे पोहोचल्यावर वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालण्याचे काम मिळाले, तेही आठवड्यातून जेमतेम दहा-बारा तास. त्या कामात कमीपणा मुळीच नाही, पण माझे शिक्षण आणि माझे कर्ज त्यासाठी नव्हते. पुढे कंपनीचा परदेशी कर्मचारी आणण्याचा परवाना रद्द झाला, साठ दिवसांत दुसरा प्रायोजक शोधण्याचे पत्र आले, आणि तो न मिळाल्याने मी परतले.

नंतर कळले की त्या सीओएससाठी मालकाला भरावे लागणारे सरकारी शुल्क तेव्हा १९९ पौंड, म्हणजे साधारण वीस हजार रुपये होते. आपल्याकडेही परवानाधारक भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढेच घेता येतात, आणि त्याचा परवाना खरा आहे की नाही हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. माझा एजंट त्या यादीत नव्हताच.

ज्या मैत्रिणी आज पैसे भरायच्या बेतात आहेत, त्यांनी आधी ब्रिटिश गृहखात्याच्या परवानाधारक प्रायोजकांच्या यादीत कंपनीचे नाव शोधावे आणि सीओएसवरचा व्यवसाय क्रमांक स्वतः तपासावा. एप्रिल २०२४ पासून हे क्रमांक बदलले असून केअर वर्करचा आता ६१३५ आहे. शिवाय २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने केअर वर्कर घेणे ब्रिटनने बंद केले आहे, त्यामुळे भारतात बसून कोणी तुम्हाला केअररचा व्हिसा देतो म्हणाला, तर त्याच्याकडे देण्यासारखे काहीच नाही.