बँकेचं लोन की व्हीसीचा पैसा: भाच्याला अर्धवट दिलेलं उत्तर, आता पूर्ण

मागच्या रविवारी भाचा घरी आला, येताना सेव-उसळ पार्सल आणली होती, आणि वाटीत तरी ओतता ओतताच म्हणाला, मामा एक कोटी पाहिजेत, बँकेत जाऊ का व्हीसीकडे (व्हेंचर कॅपिटलवाला, म्हणजे लोन न देता कंपनीत हिस्सा घेऊन पैसे घालणारा)? मी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात ताईने मुलीकडच्यांनी पाठवलेले फोटो काढले आणि विषय तिथेच संपला. म्हणून इथे लिहितोय, त्याच्यासारखे आणखीही असतील.

त्याचा धंदा असा की कॉम्प्रेसरला एक छोटा बॉक्स लावायचा, तो थरथर मोजतो आणि बेअरिंग जायच्या आधीच मोबाईलवर अलर्ट येतो. मकरपुरा आणि हालोल मिळून 14 कारखाने, वर्षाची विक्री 42 लाख, थोडा नफाही आहे. धंदा चांगलाच आहे, प्रश्नच नाही, पण चांगला म्हणजे काय हे बँकेचं आणि व्हीसीचं एक नसतं आणि सगळी गल्लत तिथेच होते.

आपलं बडोदं तसं बँकेचं गाव, 1908 साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली, त्यामुळे बँकेचा प्रश्न आपल्या घरात आजोबांपासून पाठ आहे: हा बुडणार तर नाही ना? साहजिक आहे, तुम्ही कितीही मोठे झालात तरी बँकेला व्याजच मिळणार, वरचा एक रुपयाही नाही, मग ती रिस्क कशाला घेईल. व्हीसीचं उलटं. बुडालात तर त्याचे घातले तेवढेच जातात, पण लागलात तर किती पट येतील याला मर्यादा नाही. त्यामुळे त्याला बुडण्याची भीती कमी आणि मोठी कंपनी हातची सुटण्याची भीती जास्त. वीसेक कंपन्यांत पैसे घालतो, त्यातल्या बऱ्याच जातात, काही जेमतेम मुद्दल देतात, आणि एखाद-दुसरी सगळ्यांचं भरून काढते. 2018 मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा 1600 कोटी डॉलरला घेतला, त्यात सुरुवातीला शिरलेल्यांना जे मिळालं त्यापुढे त्यांच्या बुडालेल्या चिल्लर रकमा कोण मोजतंय.

आता हिशोब बघ. समजा फंड 500 कोटींचा आहे. हे पैसे व्हीसीचे स्वतःचे नसतात, दुसऱ्यांचे असतात, साधारण दहा वर्षांत परत करायचे असतात, आणि तिप्पट करून दिले तर पुढचा फंड उभा राहतो. तुझ्या कंपनीत शेवटी त्याचे 15 टक्के उरले आणि तू ती 100 कोटींना विकलीस, तर ताई देवापुढे पेढे ठेवेल, पण त्याला मिळतात 15 कोटी, म्हणजे फंडाचे 3 टक्के. नुसता एकदा फंड परत यायला तुझी कंपनी तेहतीसशे कोटींना जायला हवी. म्हणून तो पहिल्या मीटिंगमध्ये नफा विचारत नाही, मार्केट केवढं आहे ते विचारतो, आणि आपल्याला वाटतं याला धंद्यातलं काही कळत नाही.

बँकेकडून मात्र एक कोटी विसरच. वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचा, छोट्या युनिटचा ढोबळ हिशोब म्हणजे येत्या वर्षाच्या विक्रीच्या 20 टक्के. तू 60 लाख दाखवलेस तर 12 लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं लोन). सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या धंद्यांच्या लोनला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, गॅरंटी असली की घर गहाण टाकावं लागत नाही, पण गॅरंटीमुळे हप्ता माफ होत नाही हे लोक विसरतात. आणि समजा दिले कोणी एक कोटी, 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, तर महिन्याचा हप्ता 2 लाख 17 हजार. तुझी महिन्याची विक्रीच साडेतीन लाख आहे रे! वर हे मोठे कारखाने नव्वद दिवसांनी पेमेंट करतात, कायद्यात 45 दिवस लिहिलंय तरी. हप्ता तेवढा थांबत नाही.

मग व्हीसी स्वस्त का? बुडालास तर हो, परत काही द्यायचं नसतं. चाललास तर त्याच्यासारखा महाग पैसा नाही. त्या एक कोटीच्या लोनवर एकूण व्याज तीसेक लाख. त्याऐवजी 20 टक्के हिस्सा दिलास आणि पुढे 50 कोटींना विकलंस तर 10 कोटी गेले. शिवाय टर्म शीटमध्ये, म्हणजे व्हीसीच्या अटींच्या कागदात, लिक्विडेशन प्रेफरन्स नावाचं कलम असतं ते वाच, व्हॅल्युएशनच्या, म्हणजे कंपनीची किंमत किती धरली त्या आकड्याकडे नंतर बघ. 20 कोटी उचललेस आणि कंपनी 25 ला गेली तर आधी त्यांचे 20 निघतात, उरलेल्या 5 मध्ये तू, तुझा पार्टनर आणि सगळा स्टाफ. आणि तुझे स्वतःचेच शेअर तुला चार वर्षांत थोडे थोडे मिळतील, मधेच सोडलंस तर बाकीचे गेले.

एक माझंही सांगतो. काही वर्षांपूर्वी मी फॅब्रिकेशनच्या एका आयडियासाठी अहमदाबादला एका इन्व्हेस्टरकडे गेलो होतो. खूप इंटरेस्टिंग आहे, टचमध्ये राहू, असं तीन महिने चाललं, दर वेळी नवी एक्सेल शीट मागायचे आणि मी रात्री जागून भरायचो. नंतर कळलं की नाही म्हणण्यात त्यांचा काही फायदाच नसतो, उद्या माझं चाललं तर दार उघडं हवं. बँकवाला निदान तोंडावर नाही म्हणतो, घरी येऊन जेवता तरी येतं.

आता तुझ्या बॉक्सचं. रविवारी मी विचारलं होतं, हे बसवतं कोण? तू म्हणालास, मीच, अॅक्टिवावरून जातो. बँकेला हे चालतं, पर्चेस ऑर्डर आणि जीएसटी रिटर्न नीट असले की झालं. व्हीसी मात्र तिथेच थांबेल, कारण चौदाव्याला तू गेलास, हजाराव्याला कोण जाणार? कारखान्याचा फिटर स्वतः बसवू शकला आणि तुला महिन्याला सॉफ्टवेअरचे पैसे येत राहिले, तर ती व्हीसीची कंपनी. नाही तर तो बडोद्यातला चांगला, पोट भरणारा धंदा आहे, आणि त्यात मला तरी काही कमी वाटत नाही, पण तू तीस वर्षांचा आहेस, तुला वाटत असेल.

माझं मत विचारशील तर आत्ता 12 लाखांची सीसी घे आणि पुढचे पाच बॉक्स स्वतः न जाता लावून दाखव, मग व्हीसीला दाखवायच्या स्लाइड्स, म्हणजे डेक, बनव. काल त्याचा फोन आला, स्वतः न जाता लावायचा पहिला बॉक्स सावलीच्या एका कारखान्यात कुरियरने पाठवला होता, फिटरने वायर उलटी जोडली, आणि हा अॅक्टिवा काढून निघालाच होता, बत्तीस किलोमीटर. म्हटलं, थांब, आधी व्हिडिओ कॉल कर.